रोजची कॉफी सोडायची की महिन्याचं हॉटेल?
ठाण्यात तीन हात नाक्याच्या पुलाखाली २०१६ साली सिग्नल शाळा सुरू झाली, सिग्नलवर गजरे, फुलं विकणाऱ्या मुलांसाठी. अशा कामाला दरमहा काहीतरी द्यायचं ठरलं आणि घरात दोन मतं पडली.

माझं म्हणणं, ऑफिसखालची ६० रुपयांची कॉफी बंद, पैसे डब्यात. २२ दिवसांचे १३२० रुपये. बायको म्हणाली, त्यापेक्षा महिन्याचं एक हॉटेल सोडू, १५०० एकदम वाचतात.

डब्याचं सुख वेगळं. रोज हात जातो, रोज आठवण राहते. पण सुट्टे पैसे हल्ली असतात कोणाकडे? त्यातून रिक्षाला, कोथिंबिरीला ‘उसने’ घेतलेले परत येत नाहीत, हा स्वानुभव. शिवाय चार वाजता कॉफी नसली की माझी चिडचिड सगळं ऑफिस सोसतं! हॉटेलचे पैसे मात्र एक तारखेलाच खात्यातून जातात, पावती मिळते. संस्थेकडे ८०जी, म्हणजे देणगीदाराला आयकरात सवलत मिळवून देणारी नोंदणी, असेल तर जुन्या करप्रणालीत वजावटही. २००० च्या वर रोख दिलेत तर तीही नाही.

कौल बायकोच्या बाजूने. मामलेदारची मिसळ तेवढी वगळली आहे. ती चैनीत मोडत नाही, यावर दोघांचं एकमत झालं.