हरवलेल्या मार्गाच्या शोधात एफआरआर कितपत साथ देते

ओएसपीएफ, म्हणजे राउटरांनी आपसांत मार्गांची माहिती वाटून घेण्याचा प्रोटोकॉल, चालवणाऱ्या जाळ्यात शेजारी राउटरच दिसेनासा झाला, तर शोध कुठून सुरू करायचा हे ठरलेले असते. खरी कसोटी लागते ती शेजारी 'फुल', म्हणजे माहितीची देवाणघेवाण पूर्ण झालेल्या, अवस्थेत असूनही पलीकडचा एखादा मार्ग राउटिंग टेबलात उतरत नाही तेव्हा. लिनक्सवर चालणारे एफआरआर, म्हणजे फ्री रेंज राउटिंग, हे मुक्त सॉफ्टवेअर मी प्रयोगासाठी आणि प्रत्यक्ष जाळ्यातही वापरते. या परीक्षणात त्याचा वेग किंवा क्षमता मी मोजलेली नाही. मार्ग हरवला असताना ते आपल्याला किती आणि कसे सांगते, एवढ्याच प्रश्नावर मी त्याला तपासले आहे आणि त्यासाठी व्हर्च्युअल लिंक (जाळ्याच्या मुख्य भागाशी थेट न जोडलेल्या भागाला मधल्या भागातून जोडणारा आभासी दुवा) हा विषय मुद्दाम निवडला आहे, कारण ओएसपीएफमध्ये सर्वांत गुपचूप बिघडणारी गोष्ट तीच आहे.

या सॉफ्टवेअरची वंशावळ झेब्रा, त्यातून क्वाग्गा आणि त्यातून एफआरआर अशी आहे. २०१७ पासून ते लिनक्स फाउंडेशनच्या छत्राखाली आहे. बसवणे कठीण नाही. 'डीमन्स' या फाइलमध्ये ओएसपीएफडी या डीमनसमोर (पार्श्वभूमीत चालणाऱ्या प्रोग्रामसमोर) 'यस' लिहून सेवा पुन्हा सुरू केली की 'व्हीटीवायएसएच' या शेलमधून सगळे आदेश देता येतात आणि ज्यांनी कोणत्याही मोठ्या कंपनीच्या राउटरवर काम केले आहे त्यांना ते आदेश परके वाटणार नाहीत. माझ्या दृष्टीने मोठी सोय अशी की लिनक्सच्या नेटवर्क नेमस्पेस, म्हणजे एकाच यंत्रातले वेगवेगळे आभासी नेटवर्क-कप्पे, वापरून एकाच लॅपटॉपवर चार राउटर उभे करता येतात, आणि बिघाड हवा तसा मुद्दाम घडवून पाहता येतो.

मी तशी मांडणी केली. ओएसपीएफ जाळ्याचे एरिया नावाचे भाग पाडते. पहिला राउटर बॅकबोनमध्ये, म्हणजे सर्व भागांना जोडणाऱ्या एरिया ० मध्ये; दुसरा एरिया ० आणि एरिया १ यांच्या सीमेवर; तिसरा एरिया १ आणि एरिया २ यांच्या सीमेवर; आणि चौथा एरिया २ मध्ये. राउटर आयडी, म्हणजे प्रत्येक राउटरची ओळख सांगणारे आकडे, अनुक्रमे १.१.१.१ पासून ४.४.४.४ पर्यंत. एरिया २ बॅकबोनला थेट जोडलेला नाही, म्हणून दुसऱ्या आणि तिसऱ्या राउटरमध्ये एरिया १ मधून व्हर्च्युअल लिंक हवी. दोन जाळी एकत्र आणताना किंवा घाईत नवी शाखा जोडताना हीच रचना तयार होते, आणि मला ती पहिल्यांदा भेटली तीही अशाच एका घाईच्या कामात.

आधी व्हर्च्युअल लिंक न देताच जाळे सुरू केले. तिसऱ्या राउटरवर 'शो आयपी ओएसपीएफ नेबर' विचारले तर दोन शेजारी, दोन्ही फुल. त्याच्या राउटिंग टेबलात पहिल्या राउटरमागचे १०.१.०.०/२४ हे जाळे 'एन आयए' (दुसऱ्या एरियातून आलेला मार्ग) अशा खुणेसह हजर. चौथ्या राउटरवर मात्र त्याचा मागमूस नाही आणि चौथ्यामागचे १०.४.०.०/२४ पहिल्या राउटरपर्यंत पोहोचलेले नाही. येथे अनेकांची दिशाभूल होते, कारण मधल्या राउटरला दोन्ही बाजू दिसत असतात आणि त्यामुळे संशय चौथ्या राउटरवर जातो. दोष मात्र तिसऱ्याच्या ओळखीत आहे. एफआरआरमध्ये एबीआरचा, म्हणजे एरियांच्या सीमेवरच्या राउटरचा, प्रकार मुळात 'सिस्को' असतो आणि आरएफसी ३५०९ या इंटरनेटच्या तांत्रिक दस्तऐवजामध्ये वर्णन केलेल्या या पद्धतीनुसार बॅकबोनशी चालू संबंध असल्याशिवाय राउटर स्वतःला एबीआर मानत नाही. दोन एरियांत पाय असूनही तो एका एरियातील मार्ग दुसऱ्यात सारांश एलएसएच्या (राउटर एकमेकांना पाठवतात त्या माहितीच्या नोंदीच्या) रूपाने जाहीर करत नाही. स्वतःपुरते मार्ग शिकतो आणि गप्प बसतो. 'शो आयपी ओएसपीएफ' या आदेशाच्या उत्तरात हा राउटर एबीआर असल्याची ओळ आहे की नाही, एवढे पाहिले की निदान होते. ही ओळ एफआरआर स्पष्ट आणि वरच्या भागातच छापते, हे मला फार मोलाचे वाटते.

यानंतर मी व्हर्च्युअल लिंक दिली, पण नेहमी होणारी चूक मुद्दाम करून. तिसऱ्या राउटरवर दुसऱ्याचा राउटर आयडी २.२.२.२ देण्याऐवजी त्याच्या इंटरफेसचा पत्ता १०.२३.०.१ दिला. आदेश विनातक्रार स्वीकारला गेला. लॉगमध्ये एक शब्द नाही, शेजाऱ्यांच्या यादीत नवी ओळ नाही, मार्गही नाहीत. व्हर्च्युअल लिंकचे दुसरे टोक हा राउटर आयडी असतो, तो दिसायला आयपी पत्त्यासारखा असला तरी पत्ता नसतो, आणि त्या आयडीचा राउटर मधल्या एरियाच्या डेटाबेसमध्ये सापडला तरच लिंक उभी राहते. तसा राउटर आज नसला तरी उद्या येऊ शकतो, म्हणून सॉफ्टवेअरने आदेश नाकारावा असे म्हणता येत नाही. हा प्रश्न एकट्या एफआरआरचा नाही, प्रोटोकॉलच्या रचनेतच तो आहे. तरीही या आयडीचा राउटर एरिया १ मध्ये सध्या सापडत नाही, अशी एक ओळ कुठेतरी मिळायला हवी असे मला मनापासून वाटते. ती नसल्यामुळे 'शो आयपी ओएसपीएफ डेटाबेस' उघडून, एरिया १ खालच्या राउटर एलएसएंच्या यादीत आपण दिलेला आकडा आहे का, हे डोळ्यांनी पाहावे लागते.

दोन्ही टोकांना योग्य आयडी दिल्याबरोबर शेजाऱ्यांच्या यादीत 'व्हीलिंक०' या नावाचा इंटरफेस उमटला आणि त्याची अवस्था काही वेळात 'फुल' झाली. तिसरा राउटर एबीआर झाला आणि चौथ्याच्या टेबलात बॅकबोनचे मार्ग आले.

काही चुका मात्र एफआरआर जागीच अडवते, आणि तेथे त्याचे वागणे उत्तम आहे. स्टब किंवा एनएसएसए केलेल्या, म्हणजे बाह्य मार्गांची नेहमीची माहिती आत न येऊ देणाऱ्या, एरियातून व्हर्च्युअल लिंक टाकू पाहिली तर नकार मिळतो; बॅकबोनमधूनच टाकू पाहिली तरी मिळतो; आणि आधीपासून व्हर्च्युअल लिंक असलेल्या एरियाला स्टब करायला गेलो तर आधी ती लिंक काढा असे सांगितले जाते.

राउटर आयडीबाबत एक सूचना येथेच देते. तो हाताने लिहून ठेवला नाही, तर सॉफ्टवेअर उपलब्ध पत्त्यांमधून स्वतः एक निवडते. पुढे कोणी नवा लूपबॅक (राउटरच्या आभासी इंटरफेसचा) पत्ता दिला आणि सेवा पुन्हा सुरू झाली, की निवड बदलू शकते, आणि पलीकडच्या टोकाला लिहिलेला जुना आयडी निरर्थक होतो. साधे शेजारसंबंध नव्या आयडीने पुन्हा जुळतात, म्हणून वरवर पाहता सगळे ठीक दिसते. पडते ती फक्त व्हर्च्युअल लिंक आणि तिच्यामागचा सगळा एरिया. ज्या जाळ्यात व्हर्च्युअल लिंक आहे तेथे राउटर आयडी स्वतः लिहिणे मी अनिवार्य मानते.

प्रमाणीकरणाची, म्हणजे शेजाऱ्याची ओळख पटवण्याची, गोष्टही अशीच आहे. व्हर्च्युअल लिंक एरिया १ मधून जात असली तरी ती बॅकबोनची मालमत्ता आहे. एखाद्याने एरिया ० च्या सर्व राउटरांवर एमडी५ प्रकारचे प्रमाणीकरण सुरू केले आणि एरिया ० शी प्रत्यक्ष तारेने न जोडलेला तिसरा राउटर विसरला, तर नेमकी तीच लिंक पडते. या वेळी एफआरआर गप्प राहत नाही. प्रमाणीकरणाचा प्रकार जुळत नाही, आपल्याकडे कोणता आहे आणि समोरून कोणता आला, हे लॉगमध्ये स्वच्छ लिहिलेले असते. हॅलोची, म्हणजे शेजाऱ्यांना ठरावीक अंतराने पाठवल्या जाणाऱ्या पॅकेटांची, वेळ जुळत नसेल तेव्हाही अपेक्षित आकडा आणि आलेला आकडा दोन्ही मिळतात. एमटीयूची, म्हणजे पॅकेटाच्या कमाल आकाराची, तक्रार मात्र एकाच बाजूला उमटते. एका टोकाला ९००० आणि दुसऱ्याला १५०० असेल, तर समोरच्याचा एमटीयू मोठा आहे अशी नोंद लहान एमटीयू असलेल्या राउटरवर होते आणि दुसऱ्या बाजूचा माणूस 'एक्सस्टार्ट' या सुरुवातीच्या अवस्थेत अडकलेला शेजारी पाहत बसतो. म्हणून लॉग दोन्ही टोकांचा वाचावा. व्हर्च्युअल लिंकवर ही भानगड संभवत नाही, कारण तिच्यावरून जाणाऱ्या डेटाबेस वर्णनाच्या पॅकेटात एमटीयू शून्य लिहिण्याचा नियम १९९८ च्या आरएफसी २३२८ मध्येच आहे.

फायरवॉलबाबत उलटे घडते. साध्या शेजाऱ्यांचे हॅलो २२४.०.०.५ या मल्टिकास्ट, म्हणजे अनेकांसाठीच्या सामायिक, पत्त्यावर जातात, तर व्हर्च्युअल लिंकचे प्रत्येक पॅकेट युनिकास्ट, म्हणजे एकाच पत्त्यावर जाणारे, असते आणि मधल्या राउटरांवरून पुढे जाते. मधल्या एखाद्या राउटरने प्रोटोकॉल क्रमांक ८९, म्हणजे ओएसपीएफ, फक्त मल्टिकास्टसाठी मोकळा ठेवला असेल, तर एरिया १ निरोगी दिसतो आणि व्हर्च्युअल लिंक कधीच उभी राहत नाही. अशा वेळी 'टीसीपीडंप' हे पॅकेटे टिपणारे साधन लावून दोन्ही टोकांना प्रोटोकॉल ८९ ची पॅकेटे पाहण्याला पर्याय नाही. एफआरआर लिनक्सवर असल्यामुळे ते साधन त्याच यंत्रावर हाताशी असते.

आता ज्या एका गुणामुळे मी हे सॉफ्टवेअर शिकणाऱ्या प्रत्येकाच्या हाती द्यावे म्हणते, त्याकडे येते. मार्ग चार ठिकाणांहून प्रवास करतो : एलएसए डेटाबेसमध्ये येते, ओएसपीएफ त्यावरून स्वतःचा मार्ग काढते, झेब्रा (पूर्वजाच्याच नावाचा) हा एफआरआरमधला मधला डीमन इतर प्रोटोकॉलच्या मार्गांशी तुलना करून निवड करतो, आणि निवडलेला मार्ग लिनक्सच्या कर्नलमध्ये उतरतो. एफआरआर ही चारही ठिकाणे वेगवेगळी दाखवते. 'शो आयपी ओएसपीएफ डेटाबेस', 'शो आयपी ओएसपीएफ रूट', 'शो आयपी रूट' आणि शेवटी लिनक्सचा आपला 'आयपी रूट'. मार्ग यांपैकी ज्या पायरीवर गळाला, तिच्या अलीकडेच कारण असते.

डेटाबेसमध्येच नोंद नसेल, तर ती जन्मलीच नाही किंवा वाटेत अडली. उगमाच्या राउटरवर ते जाळे ओएसपीएफमध्ये घेतले आहे का, सीमेवर 'एरिया रेंज'ने (अनेक लहान मार्ग एका मोठ्यात गुंडाळणाऱ्या आदेशाने) किंवा फिल्टरने ते झाकले आहे का, आणि एकाच राउटर आयडीचे दोन राउटर एकमेकांच्या एलएसए खोडत तर नाहीत ना, हे पाहावे. शेजाऱ्यांच्या यादीतला 'आरएक्सएमटीएल' हा रकाना बरेच जण वाचत नाहीत. तो आकडा शून्यावर येत नसेल, तर आपण पाठवलेल्या एलएसएंची पोच समोरून येत नाही.

नोंद डेटाबेसमध्ये आहे पण ओएसपीएफच्या मार्गांत नाही, ही सर्वांत फसवी अवस्था. एका टोकाला इंटरफेसचा प्रकार ब्रॉडकास्ट आणि दुसऱ्याला पॉइंट-टू-पॉइंट असेल, तर हॅलोची वेळ आणि डेड टायमर (हॅलो न आल्यास शेजारी गेला असे मानण्याची मुदत) सारखेच, १० आणि ४० सेकंद, असल्यामुळे शेजार फुलपर्यंत पोहोचतो. पण एक राउटर आपल्या एलएसएमध्ये ती तार एका प्रकारची म्हणून नोंदवतो आणि दुसरा दुसऱ्या प्रकारची. आलेखाची दोन टोके जुळत नाहीत, म्हणून गणित पलीकडे जाऊच शकत नाही. हा बिघाड मी घडवून पाहिला तेव्हा डेटाबेस भरलेला आणि मार्गांची यादी जवळजवळ रिकामी, असे दोन पडदे शेजारी-शेजारी दिसले, आणि हे चित्र कोणत्याही वर्णनापेक्षा जास्त शिकवून गेले. बाह्य, म्हणजे ओएसपीएफबाहेरून आत आणलेल्या, मार्गांतही असेच होते. टाइप ५, म्हणजे बाह्य मार्गाच्या, एलएसएमध्ये दिलेला फॉरवर्डिंग पत्ता ओएसपीएफच्याच मार्गाने गाठता येत नसेल, तर नोंद असूनही मार्ग निघत नाही.

पुढच्या दोन पायऱ्या लवकर तपासून होतात. कोणी जुना स्थिर मार्ग विसरला असेल, तर त्याचे अंतर (पसंतीचा आकडा, लहान तो आधी) १ आणि ओएसपीएफचे ११०, त्यामुळे झेब्रा स्थिर मार्ग निवडतो. 'शो आयपी रूट'ला त्या जाळ्याचा पत्ता जोडून विचारले की दोन्ही दावेदार दिसतात. कर्नलमध्ये मार्ग आहे तरी वाहतूक जात नाही, असे असेल तर लिनक्सचे आयपी फॉरवर्डिंग बंद तर नाही ना, ते पाहावे.

एक बारकावा मला आरएफसी वाचून माहीत होता, पण डोळ्यांनी पाहिला तो येथेच. दुसऱ्या राउटरवर बॅकबोनचे लहान मार्ग एका 'एरिया रेंज'मध्ये गुंडाळले होते आणि एरिया १ मध्ये एकच मोठा मार्ग जात होता. व्हर्च्युअल लिंक उभी राहताच तो मोठा मार्ग नाहीसा झाला आणि सगळे लहान मार्ग सुटे दिसू लागले. हा बिघाड नाही. ज्या एरियातून व्हर्च्युअल लिंक जाते त्यात बॅकबोनचे गुंडाळलेले मार्ग पाठवायचे नाहीत, असा नियम आहे आणि एफआरआर तो पाळते. पण ज्याला हे ठाऊक नाही, तो गुंडाळलेला मार्ग हरवला म्हणून दिवसभर शोधत राहील.

उणिवांत मुख्य म्हणजे दस्तऐवज. व्हर्च्युअल लिंकबद्दलची अधिकृत माहिती फारच त्रोटक आहे. आदेशाचे रूप कळते, पण राउटर आयडीच का, कोणत्या एरियातून चालत नाही, प्रमाणीकरण कोणत्या एरियाचे लागते, हे आधीच ठाऊक असावे लागते. नवख्या माणसाने हे साधन एखाद्या जाणकाराबरोबर किंवा आरएफसी शेजारी उघडून वापरावे. मेनूवर टिचक्या मारून काम करू इच्छिणाऱ्यांना ते मानवणार नाही. ज्यांना प्रत्येक पायरी हाताने उघडून पाहायची आहे, त्यांना मात्र मी ते निःशंकपणे सुचवते, आणि पहिला प्रयोग कोणता करावा तेही सांगते. व्हीलिंक० फुल झाल्यावर दुसऱ्या आणि तिसऱ्या राउटरमधली तार दोन्ही टोकांना बंद करा आणि चौथ्या राउटरच्या टेबलावर नजर ठेवा : डेड टायमरचे ४० सेकंद संपण्याची वाट न पाहता बॅकबोनचे मार्ग निघून जातात, कारण एरिया १ च्या आलेखात २.२.२.२ पर्यंतची वाटच उरलेली नसते.