महिनाभर नुसतं पडायला शिकवणारा आयकिडो क्लास

कोणी हात धरला तर सुटायचं कसं, एवढंच शिकायला मी आयकिडो या जपानी युद्धकलेच्या या क्लासला गेले. आणि सरांनी पहिला महिनाभर काय शिकवलं, तर पडायला! उकेमी म्हणतात त्याला. हनुवटी छातीकडे, पाठ गोल, लोळण एका खांद्यावरून तिरकी दुसऱ्या बाजूच्या कमरेकडे. जाम वैतागले होते. मग एकदा ओल्या जिन्यावर पाय सटकला, पण डोकं आपटलं नाही. तेव्हापासून कुरकुर बंद.

मनगट सोडवणं मात्र फार छान शिकवतात. खेचाखेची नाही, आधी पाय हलवायचा, मग समोरच्याच्या अंगठ्याच्या बाजूने हात बाहेर. कोतेगाएशीत, म्हणजे मनगट पिळून पाडण्याच्या डावात, माझा जोडीदार धपकन गादीवर गेला, तेव्हा मीच दचकले.

तक्रार एकच. जोडीदार ठरल्याप्रमाणे हल्ला करतो आणि ठरल्याप्रमाणे पडतो. मोरिहेई उएशिबांनी सुरू केलेल्या या कलेच्या बहुतेक शाखांत स्पर्धाच नसतात, त्यामुळे खरा विरोध अंगावर येत नाही. शेवटी सरांना म्हटलं, "सर, जरा हट्टाने धरायला सांगा ना." आता शेवटची १५ मिनिटं तसाच सराव होतो, आणि माझी निम्मी तंत्रं तिथे फसतात! दोन महिन्यांत स्वसंरक्षण हवं असेल तर इथे येऊ नका.