श्रीलंकेत बिबट्या बघायचा तर ‘याला’ की विल्पत्तू?

श्रीलंकेच्या सहलीत एकच जंगल बसत असेल, तर बहुतेक जण डोळे झाकून ‘याला’ (Yala) राष्ट्रीय उद्यान निवडतात. त्यात वावगं काही नाही. या बेटावर ना वाघ ना सिंह. बिबट्याच जंगलाचा धनी. त्यामुळे तो भर दिवसा खडकावर ताणून दिलेला दिसू शकतो, आणि याला उद्यानाच्या ब्लॉक १ या भागाइतके दाटीने बिबटे जगात फार थोड्या ठिकाणी असतील. मी दोन्ही जंगलं फिरलो आहे. तरीही कोणी विचारलं, तर मी हळूच विल्पत्तूचं नाव पुढे करतो.

कारण एकच, फोन. याला उद्यानात कुठे बिबट्या दिसला की जीपवाले एकमेकांना कळवतात. चितळ, मोर, काठावर पडलेल्या मगरी असं बघत चाललेली आपली जीप अचानक सुसाट सुटते आणि आपण धूळ खात, दांडा घट्ट धरून बसतो. पोचतो तर पुढे जीपच जीप. कोणी मागे घेतंय, कोणी फटीत घुसतंय, डिझेलचा वास भरून राहिलेला, आणि पानांआडून एक शेपटी लोंबतेय. ‘दिसला ना?’ असं विचारून जीप निघतेसुद्धा. जीपवाल्यांना तरी काय बोलणार? बिबट्या दिसला नाही की आपलीच तोंडं उतरतात. पण मधल्या वाटेवर जे काही दिसलं असतं ते सगळं हातचं जातं, याची मला फार चुटपुट लागते.

विल्पत्तूत हा प्रकार नाहीच असं म्हणणार नाही, पण माझ्या वाट्याला फारच कमी आला. हे देशातलं सर्वांत मोठं राष्ट्रीय उद्यान, १,३०० चौरस किलोमीटरच्या वर. यादवीमुळे कितीतरी वर्षं बंदच होतं. इथली खासियत म्हणजे विल्लू, म्हणजे पावसाच्या पाण्याने भरणारी, वाळूच्या काठाची नैसर्गिक तळी. काठाला जीप लावायची, इंजिन बंद करायचं आणि बसायचं. मी बिबट्या असाच बघितला, तो पाणी पिऊन उठेपर्यंत. मात्र एका विल्लूपासून दुसऱ्यापर्यंतची झाडी इतकी गच्च आहे की बराच वेळ नुसती वाळूची वाट दिसते. लहान मुलं कंटाळतील. अस्वलासाठी मात्र दोन्हीकडे पालूची, म्हणजे खिरणीची, फळं पिकण्याचे दिवस गाठावेत. मे ते जुलैच्या सुमारास अस्वलं झाडावर चढून बसलेली दिसतात.

बाकीची सहल कुठे आहे यावरही बरंच ठरतं. मे महिन्यात जाणार असाल तर नैर्ऋत्य मोसमी पावसामुळे दक्षिण किनाऱ्यावरच्या मिरिस्साकडचा समुद्र खवळलेला असतो, तिथला देवमाशांचा हंगामही एप्रिलपर्यंत आटोपतो. तेव्हा पूर्वेचा त्रिंकोमाली किनारा शांत असतो. तिथे जाताना अनुराधापूर वाटेत लागतं. महाबोधी वृक्ष आणि रुवनवेलिसाय स्तूप बघून तिथेच मुक्काम केला की पहाटे विल्पत्तूचं फाटक सहज गाठता येतं. डिसेंबर ते मार्चमध्ये गॉल, मिरिस्सा, एल्ला अशी दक्षिणेची फेरी असेल, तर मात्र केवळ माझ्या आवडीपायी एवढ्या लांब उत्तरेला जाऊ नका, याला उद्यानच सोयीचं. सप्टेंबरमध्ये जाणाऱ्यांनी आधी चौकशी करावी. दुष्काळी दिवसांत याला उद्यानाचा मुख्य भाग बरेचदा ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत बंद ठेवतात.

याला उद्यानच ठरलं तर अर्ध्या दिवसाऐवजी पूर्ण दिवसाची सफारी घ्या. सकाळच्या जीप बाहेर पडतात आणि दुपारच्या अजून यायच्या असतात, तेवढ्या वेळात जंगल बऱ्यापैकी मोकळं मिळतं. आणि निघण्याआधीच जीपवाल्याला सांगून ठेवा, ‘दादा, फोन आला तरी पळवू नका.’ मुलांना हत्तीच बघायचे असतील, तर ही दोन्ही जंगलं सोडून सरळ उडवलवे उद्यान गाठा.