खिल्लार गाय व्यायली, पण माज नाही: खुराक, वासरू की इंजेक्शन?

खोंड अडीच महिन्यांचं झालंय, अंगावर तकाकी आहे, दाव्याला हिसके देतंय. शेजारी त्याची आई उभी आहे. तिच्या फासळ्या दारातून मोजता येतात आणि माजाचा पत्ता नाही. माणदेशातल्या बऱ्याच गोठ्यांत हे चित्र दिसतं. मग मालकाचा फोन जातो, "डॉक्टरसाहेब, माजावर येईल असं काहीतरी टोचा की." तो फोन करण्याआधी हे वाचावं, कारण खुराक, वासरू आवरणं, वळू आणि टोचणं या चार मार्गांपैकी टोचणं हा एक आहे आणि बहुतेक वेळा तो पहिला नसतो.

आधी दिवसांचा हिशेब. गाय साधारण 285 दिवस गाभण राहते. वर्षाला एक वेत हवं असेल तर व्यायल्यापासून 80 दिवसांत तिनं गाभ धरायला हवा. गर्भाशय पूर्वपदावर यायला त्यातले 40 दिवस जातात. उरलेल्या 40 दिवसांत 21 दिवसांच्या अंतराने जेमतेम दोन माज मिळतात. खिल्लारला दोन वेतांत 14-15 महिने गेले तर मी त्याची फार चिंता करत नाही. दीड वर्षाच्या पुढे गेलं की मात्र गाय फुकट खातेय, असं म्हणायला हरकत नाही.

आपल्याकडे मिळणारा बहुतेक सल्ला होल्स्टीन किंवा जर्सी संकरित गाईंचा असतो. त्या गाईचं वासरू लवकर तोडतात आणि तिचं दूध हातानं किंवा यंत्रानं काढतात. खिल्लारचं वासरू दिवसभर कासेला. या बाबतीत ती अमेरिका-ऑस्ट्रेलियातल्या मांसासाठी पाळलेल्या गाईंच्या जवळची आहे. तिथं वासरू सहा-सात महिने आईजवळच असतं, म्हणून 'पिणारं वासरू आणि न येणारा माज' हा तिथला जुना अभ्यासविषय आहे. त्यातून कळलेली गंमत अशी की नुसता सडाला तोंड लागल्यानं माज अडत नाही. गाय आपलं वासरू बघते, हुंगते, ओळखते आणि तेच पितंय हे तिला कळतं, तेव्हा तिच्या मेंदूत अफूसारखी काही रसायनं सुटतात. स्त्रीबीज पिकवून सोडण्यासाठी एलएच या संप्रेरकाचे जे ठोके लागतात, ते त्यानं मंदावतात. परकं वासरू प्यायलं तर तेवढा परिणाम होत नाही.

मार्ग निवडण्याआधी एकदा डॉक्टरांकडून हात घालून तपासणी करून घ्या. तीनपैकी एक गोष्ट निघते. बीजांडावर (जिथं स्त्रीबीज पिकतं तिथं) पीतपिंड, म्हणजे बीज सुटल्यावर मागे राहणारी गाठ, सापडली तर गाय माजावर येतेय, तुम्हाला दिसत नाहीये. देशी गाईचा माज आखूड असतो, बऱ्याचदा रात्रीत उरकतो, कधी मुकाच असतो. तिथं औषध नको. पहाटे आणि रात्री झोपण्याआधी गोठ्यात चक्कर मारायची आणि सोट (माजाचा चिकट, पारदर्शक स्राव) लोंबतोय का ते बघायचं. बीजांडं गुळगुळीत, निपचित लागली तर तो खरा माजबंद, आणि पुढचं सगळं त्याच गाईसाठी आहे. तिसरी शक्यता म्हणजे ती गाभणच निघते. रानात कुठल्या तरी वळूनं काम केलेलं असतं आणि घरी कुणाला खबर नसते. हसण्यावारी नेऊ नका. माज आणायचं एक इंजेक्शन गाभण गाईला दिलं तर गाभ पडतो. (पू किंवा घाण स्राव असेल तर आधी गर्भाशयाचा उपचार, बाकी सगळं नंतर.)

आता खुराक. याला पर्याय नाही, पण वेळ चुकते. गाय व्याली की आपण सरकी पेंड वाढवतो. तोवर उशीर झालेला असतो, कारण खाल्लेलं आधी दुधात जातं, मग अंगाला लागतं आणि माजाचा नंबर सर्वांत शेवटी येतो. खरा खुराक गाभणपणाच्या शेवटच्या अडीच-तीन महिन्यांतला. गाईचं अंग बघायच्या एक (हाडकुळी) ते पाच (लठ्ठ) अशा मापात गाय व्यायच्या वेळी तीनच्या आसपास हवी, म्हणजे फासळ्या हाताला लागाव्यात पण लांबून मोजता येऊ नयेत. नुसत्या ज्वारीच्या कडब्यावर ती तिथं पोचत नाही, कडब्यात प्रथिनं फारच कमी. पेंड आणि रोज 50 ग्रॅम खनिज मिश्रण जोडावं लागतं. ऊसपट्ट्यात आणखी एक भानगड आहे. वाढे (उसाचे शेंडे) फुकट मिळतात म्हणून गाय महिनोन्‌महिने वाढ्यांवर राहते आणि त्यातलं ऑक्झलेट शरीरातला चुना (कॅल्शियम) बांधून ठेवतं. व्यायल्यानंतर सुरू केलेल्या खुराकाचा परिणाम दिसायला महिना-दीड महिना लागतो. मार्ग सावकाश, पण याच्याशिवाय बाकीचे तिन्ही लंगडे.

वासरू आवरणं हा सर्वांत स्वस्त मार्ग आणि गावात सर्वांत नावडता. वासरू महिना-सव्वा महिन्याचं झालं की त्याला दिवसभर मोकळं न ठेवता सकाळ-संध्याकाळ दोनदाच पाजायचं, प्रत्येक वेळी अर्धा तास. एरवी बांधायचं ते आईला दिसणार नाही आणि वास येणार नाही अशा जागी. त्याच दावणीला दोन खुंट सोडून बांधलं तर फायदा नाही, कारण नाक आणि डोळे तर चालूच राहतात. याचाच कडक प्रकार म्हणजे 48 तास पूर्ण तोडणं. तो फक्त दोन महिन्यांच्या पुढच्या ठणठणीत वासराला करायचा. त्याला पाणी, कोवळा चारा, भरडा द्यायचा आणि गाईची कास हाताने रिकामी करत राहायची. दोन रात्री हंबरणं ऐकावं लागतं, शेजारी विचारतात, आजी तर बोलतेच. ते सोसायची तयारी हवी.

शर्यतीचं खोंड घडवणारा मात्र हे मनावर घेत नाही. मे 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बैलगाडा शर्यतींच्या कायद्यावर शिक्कामोर्तब केल्यापासून तर सगळं दूध खोंडाला, हाच शिरस्ता. त्यांचं गणित चुकीचं आहे असं मी म्हणणार नाही. चांगल्या खोंडाच्या किमतीपुढे गाईचे चार-सहा महिने किरकोळ वाटू शकतात. फक्त मग माज येत नाही म्हणून गाईला दोष देऊ नये. ज्याच्या दावणीला कालवड आहे, किंवा ज्याला पुढचं वेत लवकर हवंय, त्यानं इथूनच सुरुवात करावी. एक अट आहे: गाय अगदीच हाडकुळी असेल तर वासरू तोडूनही काही होत नाही.

वळूचं थोडक्यात. वयात आलेला वळू जवळ राहिला, त्याचा वास गाईला मिळत राहिला, तर माज काहीसा लवकर येतो. शिवाय रात्रीचा माज हुकत नाही. पण गावभर फिरणारा वळू एका गोठ्यातला गर्भाशयाचा रोग दुसऱ्यात नेऊ शकतो. घरचा आणि तपासलेला वळू असेल तरच.

राहिली इंजेक्शनं. 'हार्मोनचं इंजेक्शन' म्हणून लोक ज्याला ओळखतात ते बहुधा प्रोस्टाग्लँडिन असतं. ते पीतपिंड विरघळवतं. निपचित बीजांडावर पीतपिंडच नाही, मग ते विरघळवणार काय? माजबंद गाईत पैसे जातात ते इथंच. गाभ पाडणारं औषध हेच, आणि घरातल्या गरोदर बाईनं किंवा दमेकऱ्यानं त्याला हातही लावू नये. दुसरा प्रकार ओव्हसिंक: पहिल्या, आठव्या आणि दहाव्या दिवशी इंजेक्शन आणि अकराव्या दिवशी वेळ धरून रेतन. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिनमध्ये 1995 च्या सुमारास हे बेतलं गेलं, ते दुधाळ गाईंसाठी. माजावर येणाऱ्या पण न दिसणाऱ्या गाईला ते छान, खऱ्या माजबंद गाईत कच्चं पडतं.

तिसरा प्रकार योनीत बसवायच्या प्रोजेस्टेरॉनच्या साधनाचा. ते सात ते नऊ दिवस ठेवून काढतात. काढताना प्रोस्टाग्लँडिन, कधी जोडीला आणखी एक संप्रेरक. दोन-चार दिवसांत माज येतो. माजबंद, वासरू पाजणाऱ्या गाईला संप्रेरकांपैकी शोभणारा उपाय हाच. मोठ्या खंडानंतरचा पहिला माज बहुधा मुका असतो आणि पुढचं चक्र आठ-दहा दिवसांतच मोडतं. प्रोजेस्टेरॉन ती रंगीत तालीम आधीच उरकून घेतं. साधन काढल्यापासून 48 तास वासरू तोडलं तर गुण आणखी येतो. खर्च बाकी सगळ्यांपेक्षा जास्त, आणि डॉक्टरांच्या दोन-तीन फेऱ्या.

मी निवड अशी करीन. गाय अंगानं बरी, 60 दिवस झालेत: वासरू आवरून तीन आठवडे वाट बघायची, नाहीच तर साधन. गाय हाडकुळी: दीड महिना खुराक, वासरू दोन वेळांवर, इंजेक्शनाला हातही नाही. पहिलारू गाय स्वतःही वाढत असते, तिला मोठ्या गाईपेक्षा दोन-तीन आठवडे जास्त द्यायचे आणि खुराक वेगळ्या ठिकाणी, नाहीतर थोराड गाई तिच्या तोंडचं ओढतात.

माज सकाळी दिसला तर रेतन संध्याकाळी, संध्याकाळी दिसला तर दुसऱ्या सकाळी. आणि नंतर वासरू मोकळं सोडायचं का, असं विचारतात. किमान 21 दिवस सोडू नका. गाभ न धरता गाय उलटली आणि अंगात जोर नसला तर एकदा आलेला माजही पुन्हा बंद पडतो.