फोनला आवर घालणारी साधनं: काही महिन्यांच्या वापरानंतर

अँड्रॉइडचं डिजिटल वेलबीइंग, आयफोनचं स्क्रीन टाइम आणि वन सेक हे ॲप काही महिने सलग वापरल्यावर एक गोष्ट पक्की झाली. मर्यादा किती मिनिटांची लावली याला फारसं महत्त्व नाही. ती उठवायला किती खटाटोप पडतो यावर सगळं ठरतं.

डिजिटल वेलबीइंग इथेच कमी पडतं. टायमर लावणं सोपं आहे, वेळ संपली की आयकॉन करडा होतो आणि ॲप उघडत नाही. पण तोच टायमर काढायला ना पासवर्ड लागतो ना थांबावं लागतं. शिवाय मध्यरात्री मोजणी शून्यावर येते, म्हणजे बारानंतर जागणाऱ्याला अख्खी नवी मर्यादा मिळते. रात्रीसाठी टायमरऐवजी फोकस मोडचं वेळापत्रक लावा. निवडलेली ॲप तेवढा वेळ थांबतात, त्यांच्या सूचनाही येत नाहीत.

स्क्रीन टाइम जास्त कडक होतं, मात्र नीट लावलं तरच. नुसती मर्यादा ठेवली तर ती दुर्लक्षित करण्याचं बटण समोरच येतं. ते टाळण्यासाठी चार आकडी पासकोड हवा, तो घरातल्या दुसऱ्या कुणीतरी टाकायला हवा, आणि मर्यादा संपताच ॲप अडवण्याचा पर्यायही चालू हवा. पासकोड ठेवताना तो परत मिळवण्यासाठी ॲपल खातं विचारलं जातं. तिथे स्वतःचं खातं दिलं, तर कोड आपल्यालाच बदलता येतो. ज्याने कोड टाकला त्याने तो कागदावर लिहून आपल्याकडे ठेवावा. विसरला तर फार त्रास होतो.

सवयीने, काही काम नसताना फोन उचलणाऱ्यांना वन सेक सगळ्यात उपयोगी. ॲप उघडताच ते काही सेकंद श्वास घ्यायला लावतं आणि मग विचारतं, खरंच उघडायचंय का? २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ३६ टक्के वेळा लोकांनी इथूनच माघार घेतली. अभ्यासकांमध्ये ॲपचा निर्माताही होता, हे ध्यानात ठेवावं. पण रोजच्या वापरात परिणाम जाणवतो. काही आठवड्यांनी बोट त्या थांब्यालाही सरावतं, तेव्हा थांबण्याचा वेळ वाढवायचा. मोफत आवृत्तीत एकच ॲप निवडता येतं, ते सगळ्यात जास्त खेचणारं असू द्या.

अँड्रॉइडवर वन सेकसारखी ॲप ॲक्सेसिबिलिटीच्या परवानगीवर चालतात, म्हणजे समोर कुठलं ॲप उघडलंय हे पाहण्याच्या परवानगीवर. बॅटरी वाचवण्यासाठी बरेच फोन त्यांना पाठीमागे बंद करतात आणि अडवणूक गुपचूप थांबते. त्या ॲपवरचे बॅटरी निर्बंध काढा, ऑटोस्टार्ट (ॲप आपोआप सुरू होऊ देणारा पर्याय) असेल तर चालू करा, आणि फोन अपडेट झाल्यावर परवानगी टिकली आहे का ते तपासा.

ॲप अडवलं की माणूस ब्राउझरकडे वळतो. आयफोनवर संकेतस्थळालाही मर्यादा लावता येते. डीएनएस म्हणजे संकेतस्थळाच्या नावावरून त्याचा पत्ता शोधून देणारी सेवा, आणि नेक्स्टडीएनएस ही नको ती संकेतस्थळं अडवणारी अशी एक सेवा. अँड्रॉइडच्या सेटिंगमधल्या प्रायव्हेट डीएनएसमध्ये नेक्स्टडीएनएसचा पत्ता टाकून तिथल्या नकारयादीत (अडवायच्या संकेतस्थळांच्या यादीत) इन्स्टाग्राम घालावं, म्हणजे ॲप आणि ब्राउझर दोन्ही बंद. फोन या सेवेला पत्ता विचारतो ती एक विचारणा, महिन्याला अशा ३ लाख विचारणांपर्यंत सेवा मोफत आहे. स्टेशन, हॉटेलच्या वायफायचं लॉगिन पान मात्र यामुळे कधीकधी उघडत नाही. तेवढ्यापुरतं प्रायव्हेट डीएनएस बंद करावं लागतं.

स्क्रीन काळी-पांढरी करण्याचा उपाय रील्सवर चांगला लागू पडतो, पण नकाशावरची लाल-हिरवी वाहतूक आणि व्हॉट्सॲपच्या निळ्या खुणा ओळखू येत नाहीत. तो रात्रीपुरता ठेवा. यूट्यूबसाठी त्याहून सरस उपाय म्हणजे पाहिलेल्या व्हिडिओंची नोंद पुसून ती बंद करणं. मुख्य पान जवळजवळ रिकामं होतं, आणि हवं ते शोधूनच पाहावं लागतं.

यूपीआय, बँकेचं ॲप, मेसेज आणि नकाशे कुठल्याही बंदीतून आधीच वगळा. दुकानात पैसे देताना ॲप अडलं, की माणूस चिडून सगळीच बंधनं काढून टाकतो. व्हॉट्सॲपही अडवू नये, शाळेचे आणि सोसायटीचे निरोप तिथेच येतात. ग्रुप म्यूट करून अर्काइव्हमध्ये टाकले तरी पुरतं.