रामबागेतला ‘प्रोटीन डबा’: उसळ अव्वल, चिठ्ठी ढिली

इंदूरच्या रामबागेतील एक मराठी कुटुंब घरगुती डब्यांबरोबर हल्ली ‘प्रोटीन डबा’ही देऊ लागले आहे. किंमत १४० रुपये, आणि झाकणावर ‘३० ग्रॅम प्रथिने’ अशी चिठ्ठी. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२० च्या शिफारशींनुसार निरोगी प्रौढाला दर किलो वजनामागे दिवसाला ०.८३ ग्रॅम प्रथिने लागतात, म्हणजे साठ किलोच्या माणसाला सुमारे ५० ग्रॅम. एका जेवणात त्यातले ३० मिळाले तर उरलेल्या दिवसाची फारशी चिंता राहत नाही, म्हणून आम्ही हा डबा लावला.

डब्याचा जीव मटकीच्या उसळीत आहे. मोड बोटाच्या पेराएवढे लांब, दाणा शिजलेला पण फुटलेला नाही, आणि रस्सा पातळ करून वाटी भरल्याचा संशय कधी येत नाही. सकाळी उसळ-पोह्यांवर वाढलेल्या इंदूरकराला उसळीची पारख असते, आणि त्या पारखीला ही उसळ उतरते. माणशी चाळीस ग्रॅम कोरडी मटकी धरली तर तिच्यातून नऊएक ग्रॅम प्रथिने मिळतात. तीन पोळ्यांचे दहा, घट्ट वरणाचे सहा-साडेसहा आणि दह्याच्या वाटीचे साडेतीन धरले की बेरीज २९ च्या आसपास जाते. शिवाय प्रथिनांच्या आवश्यक घटकांपैकी (अमिनो आम्लांपैकी) गव्हात लायसीन कमी आणि डाळी-कडधान्यांत मेथिओनीन कमी असल्याने पोळी व उसळ एकमेकांची उणीव भरून काढतात. निव्वळ सूप-सॅलड देणाऱ्या महागड्या ‘फिटनेस’ डब्यांपेक्षा हे जेवण मला म्हणूनच शहाणपणाचे वाटते.

तक्रार आहे ती चिठ्ठीबद्दल. ज्या दिवशी उसळीऐवजी बटाट्याची भाजी येते आणि वरणात डाळ शोधावी लागते, त्या दिवशी हिशेब कसाही मांडला तरी विशीच्या पुढे सरकत नाही, चिठ्ठी मात्र ३० चीच असते. डबा करणाऱ्या काकूंना विचारले तेव्हा त्या म्हणाल्या, “अहो ताई, चिठ्ठ्या एकदमच छापून आणल्यात.” उत्तर प्रामाणिक आहे, पण मग पदार्थांची नावे लिहावीत, आकडा लिहू नये.

सोया वड्यांची भाजी मला आवडली नाही. वाळलेल्या वडीत १०० ग्रॅमला ५० ग्रॅमच्या वर प्रथिने असतात, त्यामुळे मूठभर वड्यांनीही मोठे काम होते. परंतु त्या गरम पाण्यात भिजवून दोनदा घट्ट पिळल्या नाहीत तर त्यांचा उग्र वास मसाल्यातही लपत नाही. सोयाबीनवर संशोधन करणारी राष्ट्रीय संस्था ज्या शहरात आहे, तिथल्या स्वयंपाकघराने एवढे तरी करावे. मुगाचे धिरडे मात्र मऊसूत असते आणि दात कमजोर झालेल्या सासूबाई ते आवडीने खातात. पनीर क्वचितच येते. आले की ताजे असते.

चतुर्थी-एकादशीचा डबा सर्वांत कमकुवत. साबुदाण्यात प्रथिने जवळजवळ नसतातच. खिचडीत जी काही असतात ती शेंगदाण्याच्या कुटाची, आणि इथे कूट हात आखडून घातलेले असते. त्याऐवजी राजगिऱ्याचे थालीपीठ, शेंगदाण्याची आमटी आणि दही दिले तर उपवासही मोडणार नाही आणि नावही खोटे ठरणार नाही. हे मी सुचवले आहे, आणि पुढच्या एकादशीला आमटी करून बघू असे काकूंनी कबूल केले आहे.

सध्या आम्ही डबा उसळीच्या दिवसांपुरताच घेतो. मटकी भिजवून मोड आणायला वेळ लागत असल्याने काकू आयत्या वेळची मागणी घेत नाहीत. दोन दिवस आधी फोन करावा आणि ‘वरण घट्ट’ असे आवर्जून सांगावे, कारण सांगितले की ते खरोखर घट्ट येते.