टोकियो की फुकुओका? जपानला शिकायला निघालेल्यांसाठी

एन-फोर किंवा एन-थ्री (जपानी भाषेच्या परीक्षेच्या पातळ्या, आकडा जितका लहान तितकी पातळी वरची) पास झालेली पुण्याकडची मुलं-मुली मला फोन करतात तेव्हा कोर्स ठरलेला असतो, कर्जाचं बोलणं झालेलं असतं, पण शहराचा विचार कुणी केलेला नसतो. जपान म्हणजे टोकियो, असं धरूनच सगळे चालतात. मी सव्वा वर्ष टोकियोत भाषाशाळेत होते आणि पुढची दोन वर्षं फुकुओकात, म्हणजे दक्षिणेकडच्या क्युशू बेटावरच्या शहरात, मास्टर्सला. दोन्हीकडे अर्धवेळ काम करूनच राहिले. माझं मत आधीच सांगते. जपानी बऱ्यापैकी जमत असेल आणि दोन वर्षांहून जास्त राहायचं असेल, तर फुकुओका. जपानी अगदीच कच्चं असेल आणि पहिल्या महिन्यापासून हातात पगार पडला नाही तर भागणारच नसेल, तर टोकियो.

आधी पैशांचं बघू, कारण चुकीचा हिशोब तिथेच होतो. विद्यार्थी व्हिसावर कामाची वेगळी परवानगी काढावी लागते. ती मिळाली की आठवड्याला २८ तास काम करता येतं, कॉलेजच्या मोठ्या सुट्टीत दिवसाला ८ तासांपर्यंत. दोन ठिकाणी काम धरलंत तरी २८ तास दोन्हींचे मिळून. हा नियम सगळीकडे एकच, किमान वेतन मात्र प्रांताप्रमाणे बदलतं. ऑक्टोबर २०२४ मध्ये टोकियोचा दर ताशी १,१६३ येन झाला, फुकुओकाचा ९९२. चार आठवड्यांचे ११२ तास धरले तर टोकियोत साधारण १,३०,००० येन होतात आणि फुकुओकात १,११,०००. एकोणीस हजारांचा हा फरक ऐकून सगळे टोकियोकडे वळतात.

आता भाडं बघा. टोकियोत एदोगावा वॉर्डात माझ्या खोलीचे ६०,००० येन जायचे, आणि गादी अंथरली की दार अर्धंच उघडायचं. फुकुओकात कॅम्पसजवळ तिच्याहून मोठी, खिडकीतून भातशेती दिसणारी खोली ३२,००० ला मिळाली. म्हणजे टोकियोत जास्तीचे मिळालेले एकोणीस हजार घरमालकाला द्यायचे आणि वर नऊ हजार पदरचे घालायचे. घर शोधतानाचा त्रास दोन्हीकडे आहे. शिकिकिन म्हणजे अनामत, रेइकिन म्हणजे घरमालकाला द्यायची आणि परत न मिळणारी रक्कम, शिवाय हमी घेणाऱ्या कंपनीची फी. एका एजंटने माझ्यासमोर फोनवर ‘विद्यार्थिनी परदेशी आहे’ एवढंच सांगितलं, पलीकडचं ऐकून घेतलं आणि फाइल मिटली. ते अजून आठवतं. म्हणून पहिले सहा महिने वसतिगृह मिळत असेल तर डोळे झाकून घ्या.

खरा फरक कामावर कळतो. टोकियोत मी कोन्बिनीत, म्हणजे चोवीस तास उघड्या असणाऱ्या दुकानात, पहाटेच्या पाळीला होते. मालाची गाडी आली की ओनिगिरी (भाताचे गोळे) मांडायच्या, आधी संपणाऱ्या तारखेच्या पुढे, नव्या मागे. मग गिऱ्हाईक सुरू. डबा गरम करू का, पिशवी हवी का, विजेचं बिल घ्या, बारकोड वाचा, शिक्का मारा. ज्याला एन-फोरपुरतं जपानी येतं त्यालाही हे काम मिळतं, कारण चाळीसेक ठरलेल्या वाक्यांवर सगळी पाळी निघते. सोय तीच आणि अडचणही तीच. माझ्या पाळीतल्या दोघी नेपाळच्या होत्या, त्यांच्याशी हिंदीत बोलायचं. वर्षभराने माझ्याकडे तीच चाळीस वाक्यं होती, फक्त तोंडातून भराभर यायची.

फुकुओकात मला एका उडोनच्या, म्हणजे गव्हाच्या जाड शेवयांच्या, दुकानात काम मिळालं. मालक, त्याची सत्तरीची आई आणि मी. पहिल्याच आठवड्यात आजी ट्रेकडे बोट दाखवून म्हणाल्या, ‘सोरे, नाओशितोत्ते.’ नाओसु म्हणजे दुरुस्त करणं, असंच मी शिकले होते. मी ट्रे उलटा करून बघितला, कडा चाचपल्या, कुठे चीर दिसेना. आजींनी तो माझ्या हातातून घेतला, फडताळात ठेवला आणि म्हणाल्या, ‘हे नाओसु.’ क्युशूत नाओसु म्हणजे वस्तू जागेवर ठेवणं. दुसऱ्या दिवसापासून त्या ऑर्डरच्या कागदामागे मला रोज दोन शब्द लिहून द्यायला लागल्या, एक हाकाताच्या, म्हणजे फुकुओकाच्याच, बोलीतला आणि शेजारी टोकियोत तो कसा म्हणतात ते. तिथे जपानी बोलल्याशिवाय सुटकाच नव्हती. दीड वर्षात माझी एन-टू झाली ती पुस्तकांपेक्षा त्या कागदांमुळे. फुकुओकात गेलं की प्रत्येकाला अशी आजी भेटेल असं नाही, तिथल्या कोन्बिनीतही परदेशी विद्यार्थी भरपूर आहेत. पण छोट्या दुकानांत अजून जागा असतात आणि मालक स्वतः शेजारी उभं राहून शिकवतो.

एक सांगून ठेवते, असं काम मिळायला मुलाखत जपानीत द्यावी लागते. एन-फोरवर गेलात तर फुकुओकात पहिले दोन-तीन महिने हातात काहीच नसण्याची तयारी हवी. माझी एक मैत्रीण अशीच आली, कामाविना बसली आणि घरून पैसे मागवताना रडली. म्हणून कच्च्या जपानीसाठी मी टोकियो म्हणते.

प्रवासाबद्दल फार लिहीत नाही. टोकियोत मी तोझाई या मेट्रो लाइनने जायचे. तिच्या किबा ते मोन्झेन-नाकाचो टप्प्यावर २०१९ साली सकाळची गर्दी क्षमतेच्या १९९ टक्के मोजली होती. पाठीवरची सॅक पुढे घ्यायची आणि हात वर उचलता येणार नाही हे धरून चालायचं. फुकुओकात उलटा प्रश्न. क्युशू विद्यापीठाचा इतो कॅम्पस शहराच्या पश्चिम टोकाला आहे, स्टेशनवरून बस घ्यावी लागते आणि रात्री उशिरा ती मिळत नाही. पहिल्या हिवाळ्यात एकटं वाटलं. सायकल घेतल्यावर बरं झालं.

आपल्या माणसांच्या बाबतीत टोकियोला तोड नाही. एदोगावा वॉर्डातल्या निशी-कासाईत तूरडाळ, पोहे, गोडा मसाला सगळं चालत जाऊन आणता येतं. टोकियो मराठी मंडळाचा गणेशोत्सव असतो. एदोगावा वॉर्डाच्या सभागृहात २०१९ साली मूळचे भारतातले योगेंद्र पुराणिक निवडून आले, तेव्हा त्या भागातल्या कितीतरी मराठी घरांना आपलाच माणूस निवडून आल्यासारखं वाटलं. फुकुओकात दिवाळीला आम्ही पाच घरं होतो. डाळी हाकोझाकीच्या मशिदीजवळच्या दुकानातून आणायच्या. आणि शाकाहारी असाल तर नीट विचार करा. तिथला प्रसिद्ध रामेन (शेवयांचा प्रकार) डुकराच्या हाडांच्या रश्श्यात असतो. उडोन साधा दिसला तरी रश्श्यात मासळी असतेच. मी घरून डबा न्यायचे. टोकियोत शाकाहारी जेवण शोधलं की मिळतं, फुकुओकात स्वतः करावं लागतं.

कचऱ्यासारखी गोष्टही दिवसाचं वेळापत्रक ठरवते. टोकियोत तो सकाळी ८ च्या आत बाहेर ठेवायचा, फुकुओकात सूर्यास्तानंतर मध्यरात्रीपर्यंत, कारण तिथे गाडी रात्री फिरते. उशिरा घरी येणाऱ्याला ते फार सोयीचं पडतं. आरोग्य विमा दोन्हीकडे सारखाच, डॉक्टरच्या बिलातले ३० टक्के आपण भरायचे.

राहिली पुढची नोकरी. इथे टोकियोचं पारडं जड आहे, ते मान्य करते. मोठ्या कंपन्यांची मुख्यालयं तिथे, भरती मेळावे तिथे. मार्चमध्ये पदवी घेणाऱ्यांसाठी कंपन्यांची माहितीसत्रं आदल्या वर्षीच्या १ मार्चला सुरू होतात आणि निवड १ जूनपासून, म्हणजे दोन वर्षांच्या मास्टर्समध्ये पहिलं वर्ष संपण्याआधीच तयारी हवी. माझ्या पहिल्या फेऱ्या ऑनलाइन झाल्या, शेवटच्या फेऱ्यांना मात्र टोकियोला जावं लागलं. शिन्कान्सेनने, म्हणजे बुलेट ट्रेनने, पाच तास आणि भाडं अंगावर येणारं. मी स्वस्तातलं विमान धरायचे, कारण हाकाता स्टेशनपासून सबवेचं दुसरंच स्टेशन म्हणजे विमानतळ. फुकुओकाला नवउद्योगांसाठी २०१४ पासून विशेष क्षेत्राचा दर्जा आहे. शहरातल्या दाइम्यो भागातल्या जुन्या प्राथमिक शाळेच्या इमारतीत २०१७ पासून अशा लहान कंपन्यांचं केंद्र चालतं. संगणक शाखेवाल्यांनी तिथे चक्कर मारावीच. मला शेवटी नोकरी टोकियोतच मिळाली. मुलाखतीत त्यांनी पदवीबद्दल दोन प्रश्न विचारले आणि उडोनच्या दुकानाबद्दल वीस मिनिटं.